बावीस फेऱ्यांचे पाणी

"फेरे तोंडाने मोजायचे. मनात मोजलेले फेरे लबाड असतात."

सासरे जाऊन सहा वर्षे झाली, तरी मशीनवर लांब शिवण घालताना हा आवाज तिला हटकून ऐकू येई. ती नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. सासरे दारात बसून मुलाला पालिकेची चावी धरायला शिकवत. चावी म्हणजे खिशात मावणारी नव्हे. माणसाच्या छातीला लागणारी लोखंडी कांब, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या चेंबरचे झाकण काढायचे, चावी आत सोडायची आणि तळाचा व्हॉल्व्ह फिरवून एकेका भागाला पाणी द्यायचे. बापाने मुलाला रस्त्यांची नावे कमी आणि आकडे जास्त शिकवले. बाजार एकतीस फेरे, शाळेमागचा भाग सव्वीस, खालची गल्ली बावीस.

बापामागून चावी मुलाकडे आली आणि मोजायची खोडही आली. तिचा नवरा जिन्याच्या पायऱ्या मोजी, तिने शिवलेली बटणे मोजी, सगळे मोठ्याने. पहिल्या वर्षी तिला हसू यायचे, मग राग यायला लागला, पुढे सवय झाली. घर कसे घड्याळासारखे बोलत असे.

आणि आता चार महिने तो मोजत नव्हता.

हे आधी लक्षात आले ते तिच्याच. लोकांच्या तोंडी विषय आला तो नंतर.

विषय खालच्या गल्लीचा होता. गावाचे शहर झाले, तसे माळावर उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांना लोक सरसकट 'बारामजली' म्हणत. बारामजलीत बागेलाही पाणी होते, आणि ज्या गल्लीने पालिकेचा पहिला नळ पाहिला, तिथे आता करंगळीएवढी धार येई. सकाळी सहा ते सव्वासात. एक पिंप भरेतो वेळ संपे. गल्लीतल्या बायका तीनदा पालिकेत जाऊन आल्या. साहेबांनी खुर्च्या दिल्या, पंखा लावला आणि सांगितले, "शहर वाढलं, बाई. दाब कमी झाला. नवी टाकी मंजूर आहे." वाढत्या शहराच्या डोक्यावर कसलेही खापर फोडता येते. पण बायकांनाही डोकी होती. शहर दहा वर्षे वाढत होते. पाणी चार महिन्यांपूर्वी एका आठवड्यात कसे आटले?

तिची थोरली जाऊ त्याच गल्लीत राहत होती. थोरल्या दिरांना पाठीचे दुखणे, वजन उचलायला डॉक्टरची बंदी. म्हणून जाऊबाई रोज दोन कळशा घेऊन चढ चढून धाकटीकडे येत. येताना मुकाट, भरून जाताना बोलत.

"दिराच्या हातात चावी आणि माझ्या कळशा कोरड्या," त्या म्हणाल्या. "कोणाला सांगितलं तर हसतील."

"त्यांच्या हातात चावी आहे, जाऊबाई. टाकी नाही."

"तसंच म्हणते मी गल्लीत. माझा दीर तसा नाही म्हणते." जाऊबाईंनी पदराने कळशीचा काठ पुसला. "पण अगं, परवा पाणी चालू असताना भाऊजी गल्लीत आले. चावी रस्त्यावर टेकवली आणि दांड्याला कान लावून उभे. दहा पावलं पुढे, परत कान. डॉक्टरने छाती तपासावी तसे. मी हाक मारली तर दचकले."

"मग? काय म्हणाले?"

"काही नाही, म्हणाले, सहज. सहज कोणी रस्त्याला कान लावतं का?" त्यांनी आवाज उतरवला. "चष्मेवाल्या बाई म्हणतात, कोणाचा नळ किती वाहतो ते ऐकतात आणि तेवढं पाणी बारामजलीकडे वळवतात."

"चष्मेवाल्या बाईंना चष्मा लावूनही सुईत दोरा ओवता येत नाही. त्यांना रस्त्याखालचं दिसतं होय?"

जाऊबाई हसल्या, पण अर्ध्यावर थांबल्या. "मी तुला तिसऱ्यांदा विचारते. तुला काही ठाऊक आहे का?"

"मला ठाऊक आहे ते एवढंच, की माझा नवरा तसा नाही."

हे ती बोलली, आणि बोलताना आपला आवाज जरा मोठा झाला हे तिचे तिलाच जाणवले. खात्री असलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही.

कारण ठाऊक असलेले पुष्कळ होते. नवरा हल्ली संध्याकाळी पाचला बाहेर पडे आणि सातला परते. आल्यावर "भूक नाही" म्हणे. मागच्या महिन्यात त्याच्या पायात नव्या कातडी चपला आल्या. नव्या म्हणजे वापरलेल्या, पण भारी. कोणी दिल्या विचारले तर म्हणाला, "एकाला घट्ट झाल्या." कोण हा एक, ते त्याने सांगितले नाही, तिने खोदून विचारले नाही. आणि पालिकेत अकरा वर्षे रोजंदारीवर काढल्यावर यंदा त्याचे नाव कायम होणाऱ्यांच्या यादीत लागले होते. अकरा वर्षे जी यादी हलली नाही, ती नेमकी आताच कशी हलली?

संशय पाहुण्यासारखा येतो आणि घरच्यासारखा राहतो. एकदा आला की प्रत्येक गोष्ट त्याला दाखवावी लागते.

त्या दिवशी दुपारी तिने धुवायला शर्ट घेतला आणि खिशातून एक चिठ्ठी निघाली. छापील, फाटकावर देतात तशी. वर बारामजलीचे चित्र. खाली हाताने लिहिलेले: नवऱ्याचे नाव, घर चारशे दोन, वेळ पाच दहा. आणि 'कशासाठी' या रकान्यात एकच शब्द: पाणी.

ती ओल्या हातांनी तशीच मोरीत बसून राहिली. चिठ्ठीची शाई बोटांखाली पसरली तेव्हा ती भानावर आली. शर्ट धुतला, पिळला, वाळत घातला. रागात कपडे चांगले पिळले जातात, एवढाच त्याचा उपयोग.

पाचला नवरा निघाला. "येतो जरा."

"कुठे?"

"इथेच."

तो कोपऱ्यावर वळल्यावर तिने शाळेच्या गणवेशांचे एक गाठोडे काखेत मारले. शिवणारणीच्या काखेत गाठोडे असले की ती कुठेही जाऊ शकते. कोणी विचारत नाही. चोरासारखे आपल्याच माणसाच्या मागे जायचे, तर निदान हात कामाचे दिसावेत.

माळावरचा रस्ता रुंद आणि नवा होता. नवरा खाली मान घालून चालत होता, भारी चपलांतून, घाईघाईने. बारामजलीच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्याला सलाम केला. पालिकेच्या रोजंदारी माणसाला कोण सलाम करते?

ती थोडा वेळ बाहेर रेंगाळून मग पुढे झाली.

"कोणाकडे?" पहारेकरी म्हणाला.

"चारशे दोन. कपडे द्यायचेत."

"आज चारशे दोनला गर्दी आहे. चावीवाले आत्ताच वर गेले." त्याने वही तिच्यापुढे सरकवली. "नाव, वेळ, कशासाठी. सगळं लिहा, नाहीतर सेक्रेटरी माझं डोकं खातात."

तिने लिहिता लिहिता पान वरपासून पाहिले. नवऱ्याचे नाव त्या एका पानावर सात वेळा होते. सात वेळा चारशे दोन, सात वेळा पाणी. चोरी करणारा माणूस वहीत लिहून करील का, असे क्षणभर तिच्या मनात आले. पण चोर धीट झाला की तेही करतो, असे मनानेच उत्तर दिले. सातव्या ओळीखाली तिने आपले नाव लिहिले, कारणापुढे 'शिवण'. एका घरची दोन माणसे एका पानावर, दोघांनी दोन कारणे सांगितलेली.

लिफ्टमध्ये जायला तिला भीती वाटली. जिन्याने गेली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली बाग दिसत होती. एक माणूस रबरी नळीने फुलझाडांना पाणी घालत होता आणि नळीचे तोंड सोडून कोणाशी तरी गप्पा मारत होता. पाणी फरशीवरून वाहून गटारात चालले होते. जाऊबाईंच्या दोन कळशा तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

चारशे दोनचे दार अर्धे उघडे होते. ती बाहेरच थांबली. आतून नवऱ्याचा आवाज आला.

"बारा पावलं की चौदा? नीट आठवा, अण्णा."

"कोणाची पावलं?" एक म्हातारा, खरखरीत आवाज. "तुझ्या बापाची टांग लांब. माझी चौदा म्हणजे त्याची बारा."

"पण कुठून मोजायची?"

"सांगितलं ना, गिरणीच्या दारापासून."

"गिरणी नाही आता तिथे."

"नाही कशी? काल तर होती."

तिने दार ढकलले. काय दिसेल याची तिने वाटभर तयारी केली होती; दिसले ते त्यात नव्हते. फरशीवर काड्यापेटीच्या काड्यांच्या दोन लांब रांगा मांडल्या होत्या. मधल्या मोकळ्या जागेच्या दोन्ही कडांना औषधाच्या बाटल्या, एक दाढीचा ब्रश, दोन कपबश्या. नवरा त्यापुढे उकिडवा बसला होता. खुर्चीत एक म्हातारा, सुजलेले पाय स्टुलावर ठेवून, हातातल्या काठीने कपबशीकडे बोट दाखवावे तसे करत होता. ती त्याला ओळखत होती. पालिकेचा जुना मुकादम. सासऱ्यांबरोबर त्याने या शहराचे निम्मे नळ जमिनीत पुरले होते. निवृत्त झाल्यावर मुलीकडे गेला, एवढे तिने ऐकले होते. मुलगी बारामजलीत राहते हे ऐकले नव्हते.

नवऱ्याचा चेहरा तिला पाहून पांढरा पडला. "तू?"

"कोण ही? गल्लीतली का?" मुकादम म्हणाला. "बरं झालं. विचार हिला, गिरणी आहे की नाही."

तिने गाठोडे दाराशी ठेवले. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "गिरणी गेली, अण्णा. तिथे मोबाइलचं दुकान आहे. पण तुम्ही शोधताय काय?"

नवऱ्याने एक काडी उचलून पुन्हा तिथेच ठेवली. शेवटी मुकादमच म्हणाला, "व्हॉल्व्ह. ह्याने व्हॉल्व्ह हरवला आहे. किल्ल्या हरवतात, माणसं चष्मे हरवतात. हा पठ्ठ्या अख्ख्या गल्लीचा व्हॉल्व्ह हरवून बसला."

मग नवरा बोलायला लागला. फरशीकडे बघून, काड्यांना सांगावे तसा.

चार महिन्यांपूर्वी खालच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता करायला घेतला. खणताना चर पाण्याने भरू लागला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, संध्याकाळपर्यंत पाणी आवळून द्या. त्याने आवळले. बावीसातले अठरा फेरे बंद केले, चार ठेवले, म्हणजे नळ अगदी कोरडे पडू नयेत. तोंडाने मोजून केले. संध्याकाळी येऊन उघडणार होता. पण दुपारी माळावरची मोठी लाइन फुटली, साहेबांनी जीप पाठवली, आणि तो तीन दिवस तिकडेच चिखलात. चौथ्या दिवशी गल्लीत आला तर रस्ता झालेला. पहिल्यापेक्षा हातभर उंच, गुळगुळीत, फीत कापून मोकळा. चेंबर, झाकण, सगळे खाली गडप. पाणी रोज टाकीवरून वेळेवर सुटे, पण गल्लीत शिरे ते त्या चार फेऱ्यांपुरतेच.

"नकाशात असेल की," ती म्हणाली.

"नकाशात ती गल्लीच वाकडी आहे," मुकादम म्हणाला. "आम्ही कधी नकाशा बघितला नाही. गिरणीपासून इतकी पावलं, न्हाव्यापासून तितकी. तुझा सासरा आणि मी, आमच्या डोक्यात होतं. तो घेऊन गेला आपल्याबरोबर, आणि माझं हे असं. सकाळी आठवतं, संध्याकाळी हलतं."

"आणि तो रस्त्याला कान लावणं?" तिने नवऱ्याला विचारले.

"आवळलेल्या व्हॉल्व्हमधून पाणी घासत जातं. शीळ घातल्यासारखा आवाज येतो. लोखंडातून ऐकू येतो, पण जागा नेमकी कळत नाही. पन्नास फुटांत कुठेही असेल. नवा रस्ता पन्नास फूट फोडायला कोण देणार?"

तिने काड्यांच्या रांगांकडे पाहिले. दाढीचा ब्रश न्हाव्याच्या दुकानाच्या जागी होता, हे तिच्या लक्षात आले. कपबशी म्हणजे गिरणी. ती खाली बसली. लग्नानंतर पहिल्यांदा ती जावेकडे गेली होती, नव्या चपला घालून, तेव्हा झाकणाच्या भोकात तिची टाच अडकली होती. सगळी गल्ली हसली होती. गिरणीवाल्याने पिठाने भरलेला हात बाहेर काढून तिचा पाय सोडवला होता. बाहेर काढून म्हणजे...

"दारापासून नाही, अण्णा," ती म्हणाली. "धान्य घ्यायची खिडकी होती ना, तिच्याखाली. त्याने खिडकीतून वाकून माझी चप्पल सोडवली होती. ती खिडकी विटांनी बुजवली आहे, पण चौकट अजून दिसते."

मुकादमाने डोळे मिटले. काठी कपबशीवरून सरकत सरकत बशीच्या काठाशी आली. "खिडकी," तो म्हणाला. "खिडकीखाली, भिंतीपासून एक हात. बरोबर. बरोबर आहे. दार म्हणत होतो मी. म्हातारचळ."

नवऱ्याने कागद काढून लिहून घेतले. मुकादमाची मुलगी आतून खायचे घेऊन आली. "रोज दोन घास खाऊन जातात," ती म्हणाली, "नाहीतर बाबा जेवत नाहीत. सोबत लागते त्यांना." भूक का नसे ते असे कळले. चपलांचे कोणी काही बोलले नाही. मुकादमाच्या सुजलेल्या पायांकडे पाहून तिने स्वतःच जुळवून घेतले, आणि तिला जरा लाज वाटली. पण जराच. लपवलेले ते लपवलेलेच.

परतताना दोघे माळावरच्या रस्त्याने चालले होते. रस्त्यावरचे दिवे लागत होते. मग ती म्हणाली, "चार महिने लोक तुम्हाला चोर म्हणतात. ऐकून घेतलंत?"

"चोरीला पुरावा लागतो. तो कोणाला मिळणार नव्हता, कारण चोरी नव्हतीच. चूक मात्र मी तोंडातून काढली की झाली. यादीवर सह्या व्हायच्या आहेत. एक ठपका, आणि अकरा वर्षं गेली."

"म्हणून चोर म्हणवून घेणं परवडलं."

"हो." त्याने लपवले नाही. "आता जागा सापडली. रविवारी दुपारी दोन मजूर लावतो. गळती होती म्हणून सांगतो, फोडतो, उघडतो, बुजवतो. कोणाला कळायचं नाही."

"कळायचं नाही?" ती थांबली. "ज्या गल्लीत रस्त्याला कान लावलेला कळतो, तिथे रस्ता फोडलेला कळायचा नाही? आणि बावीस फेरे उघडल्यावर नळांना पाणी धो धो येईल, तेव्हा काय म्हणतील? पाणी विकत होता, पकडला जाईल म्हणून सोडलं, असंच म्हणतील. मग जन्मभर चोर."

तो पुढे चालू लागला, तशी तीही निघाली.

"जाऊबाई तीनदा विचारून गेल्या. तीनदा मी म्हटलं, माझा नवरा तसा नाही. तसे नाहीच निघालात तुम्ही. पण आज मी तुमच्या मागे मागे आले, गाठोडं घेऊन, फाटकावर खोटं लिहून. मला माझ्या माणसाच्या मागे जायला लावलंत, हे मला अजून गिळवत नाही. उद्या परत जायला लावू नका."

"ऑर्डर हातात येऊ दे. पंधरा दिवस. मग सांगतो."

"पंधरा दिवस रोज दोन कळशा. त्यांचं मनगट सुजलंय, बघितलंत?"

त्याने बघितले नव्हते. हे त्याच्या चालण्यावरून कळले; पावले मंदावली. घर जवळ आले तेव्हा तो म्हणाला, "साहेब दहाला येतात."

"मग?"

"दहाला जाऊन सांगतो. मी आवळला, मी विसरलो, जागा ही."

"नक्की?"

"वचन देतो."

तिने मान हलवली. वचन घेतले म्हणून विश्वास बसतोच असे नाही. चार महिन्यांची सवय एका संध्याकाळी सुटत नाही.

सकाळी तो नेहमीसारखा सव्वापाचला गेला, भागांना पाणी सोडून नऊला परतला. चावी दाराआड उभी केली. अंघोळ केली. ती त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करत होती. खिशात कागद होता. वाचू नये असे तिला वाटले, आणि तिने वाचला. वर पेन्सिलीने खिडकी, भिंत, एक हात. खाली, रात्री केव्हातरी लिहिलेले, शाईने: 'वरील व्हॉल्व्ह मी स्वतः अठरा फेरे बंद केला होता व उघडायचा राहिला. यात दुसऱ्या कोणाची चूक नाही.' खाली सही होती. तिने कागद होता तसा घडी करून ठेवला आणि खिशावरून पुन्हा इस्त्री फिरवली नाही, शाई पसरू नये म्हणून.

दारात चष्मेवाल्या बाई माप द्यायला उभ्या होत्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत त्याच्याकडे पाहिले. "आज चावीशिवाय? कुठे लग्नाला?"

"कचेरीत," तो म्हणाला.

"बोलावणं आलं वाटतं," बाई म्हणाल्या, चांगल्याच चवीने.

"नाही. मीच जातोय."

बाई आत येऊन मापाला उभ्या राहिल्या. तिने टेप त्यांच्या खांद्याला लावला, पण आकडा वाचला नाही. तो पायऱ्या उतरत होता. डावीकडे गेला तर पालिका, उजवीकडे माळ. तिला खिडकीशी जावेसे वाटत होते. ती गेली नाही. टेप धरून उभी राहिली आणि ऐकत राहिली. चपला खाली पोचल्या, क्षणभर थांबल्या, आणि मग डावीकडे, हळूहळू, चालू लागल्या.